देवाने आपली निवड मागे घेतली का?

ख्रिस्ती धर्मविचारात ‘निवड’ हा विषय निघाला की बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो: कोणाचे तारण व्हायचे आणि कोणाचे नाही, हे देवाने आधीच ठरवून ठेवले आहे काय? सोळाव्या शतकातला धर्मसुधारक जॉन कॅल्विन याचे अनुयायी आणि त्यांचे विरोधक या प्रश्नावरून चारशे वर्षांहून अधिक काळ भांडत आले आहेत. या भांडणात दोन्ही बाजू ज्या वचनांचा आधार घेतात, ती मुख्यतः प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायात आहेत. तो अध्याय पुढच्या दोन अध्यायांसह सलग वाचला, तर पौल तिथे मुळात एका लोकसमूहाविषयी बोलत आहे हे लगेच ध्यानात येते. तो समूह म्हणजे इस्राएल, अर्थात यहूदी लोक. पुढे चर्चने या एकसंध युक्तिवादाची दोन शकले केली. ‘कोणाचे तारण होते’ हा वाद एकीकडे गेला, ‘यहूद्यांचे काय’ हा दुसरीकडे, आणि माझ्या मते त्या ताटातुटीत दोन्ही वाद बिघडले.

आधी पत्रामागची परिस्थिती पाहू. इसवी सनाच्या ४९ च्या सुमारास सम्राट क्लॉडियसने यहूद्यांना रोममधून घालवून दिले. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात याच हुकुमामुळे करिंथला आलेले अक्विला आणि प्रिस्किल्ला हे यहूदी जोडपे भेटते. रोममधल्या ख्रिस्ती मंडळीचा आरंभ यहूदी सभास्थानांच्या आसपास झालेला होता, पण या हुकुमानंतर तिथे प्रामुख्याने यहूदी नसलेले, म्हणजे बायबलच्या भाषेत परराष्ट्रीय, लोक उरले. ५४ साली क्लॉडियस मरण पावला आणि नीरोच्या कारकिर्दीत यहूदी हळूहळू परतू लागले. साधारण ५७ च्या सुमारास पौलाने करिंथहून हे पत्र लिहिले, तेव्हा रोमच्या मंडळीत बाहेरून आलेल्यांचे पारडे जड झालेले होते आणि जुन्या लोकांकडे थोडे वरून पाहण्याची वृत्ती बळावत होती, असे पत्रातल्या इशाऱ्यांवरून दिसते.

पौलापुढचा पेच असा होता. येशू यहूदी होता, त्याचे पहिले शिष्य झाडून सारे यहूदी होते, आणि ज्या मशीहाची, म्हणजे देवाने पाठवायच्या तारणाऱ्याची, वाट पाहिली जात होती तो हाच, असा त्यांचा दावा होता. तरीही वीस-पंचवीस वर्षांत चित्र असे झाले की बहुसंख्य यहूदी या दाव्यापासून दूर राहिले आणि परके लोक आत आले. मग येशू मशीहा नाही असे म्हणायचे, की देवाने अब्राहामाच्या वंशाला दिलेला शब्द फिरवला असे म्हणायचे? पौलाला यातले काहीच मान्य नव्हते. परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांनाही हा प्रश्न दुसऱ्यांच्या घरचा म्हणून सोडून देता येण्यासारखा नव्हता, कारण जो देव एका प्रजेला शेकडो वर्षे वचने देऊन शेवटी टाकून देतो, त्याने तुम्हांला दिलेल्या तारणाच्या वचनाचा तरी काय भरवसा? आठव्या अध्यायाच्या अखेरीस पौल ठासून सांगतो की देवाच्या प्रीतीपासून आपल्याला काहीही वेगळे करू शकणार नाही. त्याला जोडून नववा अध्याय सुरू होतो तो यामुळेच.

नवव्या अध्यायाची सुरुवात शोकाने होते. आपल्या बांधवांसाठी आपण स्वतः शापभ्रष्ट होऊन ख्रिस्तापासून तोडले गेलो तरी चालेल, असे पौल म्हणतो. मग तो इस्राएलचा इतिहास उलगडतो. अब्राहामाला दोन मुलगे, पण वचन चालले ते इसहाकाकडून, इश्माएलकडून नाही. इसहाकाची बायको रिबका हिच्या पोटी याकोब आणि एसाव हे जुळे होते, आणि त्यांनी बरेवाईट काही करण्याआधीच थोरला धाकट्याची सेवा करील असे सांगण्यात आले. ‘याकोबावर मी प्रीती केली आणि एसावाचा द्वेष केला’ हे बोचणारे वाक्य पौल मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकातून घेतो, आणि मलाखीत याकोब व एसाव ही इस्राएल आणि अदोम या दोन राष्ट्रांची नावे आहेत. पुढे मिसरचा राजा फारो याचे कठोर केलेले मन येते, आणि मग कुंभार व माती: एकाच गोळ्यातून एक पात्र मानाच्या कामासाठी आणि दुसरे हलक्या कामासाठी घडवण्याचा अधिकार कुंभाराला नाही काय?

इथेच थांबले तर देव हा मर्जीप्रमाणे माणसे उचलणारा आणि फेकणारा हुकूमशहा वाटतो, आणि पुष्कळांनी इथेच थांबून सिद्धांत रचले. पण दहाव्या अध्यायात सूर बदलतो. जो कोणी प्रभूचे नाव घेऊन हाक मारील त्याचे तारण होईल, असे पौल योएल संदेष्ट्याच्या आधाराने म्हणतो आणि जबाबदारी माणसाच्या प्रतिसादावर टाकतो. अकराव्यात तो सरळ विचारतो की देवाने आपल्या लोकांचा त्याग केला आहे काय, आणि ‘मुळीच नाही’ असे उत्तर देतो. पुरावा म्हणून तो आधी स्वतःकडे बोट दाखवतो, कारण तोही बन्यामिनाच्या वंशातला इस्राएलीच आहे. मग एलीयाच्या काळात बाल या दैवतापुढे गुडघे न टेकलेल्या सात हजारांची आठवण करून देतो. थोड्यांची निवड ही इथे उरलेल्यांच्या नाशाची खूण ठरत नाही. उलट त्या थोड्यांच्या आधारानेच उरलेल्यांची आशा जिवंत राहते.

याच अध्यायात जैतुनाच्या झाडाची प्रसिद्ध उपमा आहे, आणि ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. एका लागवडीच्या जैतुनाच्या काही फांद्या तोडल्या गेल्या आणि त्यांच्या जागी रानजैतुनाच्या फांद्यांचे कलम बांधले गेले. तोडलेल्या फांद्या म्हणजे विश्वास न ठेवलेले यहूदी, आणि रानफांद्या म्हणजे परराष्ट्रीय ख्रिस्ती. कोकणात आंब्याची कलमे बांधणाऱ्या कोणालाही यातली गोम लगेच कळेल. आपण गावठी आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बांधतो, कारण मूळ काटक हवे आणि फळ चांगले हवे. पौलाच्या झाडात सगळेच उलटे आहे: मूळ उत्तम जातीचे आणि त्यावर बांधलेली काडी रानटी. हे निसर्गाविरुद्ध आहे, असे तो स्वतःच म्हणतो. म्हणजे परराष्ट्रीयांना या झाडावर जागा मिळाली त्यात त्यांच्या अंगच्या गुणांचा काही भाग नाही, आणि म्हणूनच तो त्यांना बजावतो की फुशारकी मारू नका. तुम्ही मुळाला आधार देत नाही, मूळ तुम्हांला आधार देते. ज्या देवाने रानफांदी बांधली त्याला तोडलेली फांदी पुन्हा तिच्याच झाडावर बांधणे मुळीच अवघड नाही. शेवटी तो सांगतो की इस्राएलमध्ये अंशतः आलेली कठोरता परराष्ट्रीयांचा भरणा पूर्ण होईपर्यंत आहे, मग ‘सर्व इस्राएल’ तारले जाईल, आणि देवाची कृपादाने व पाचारण कधी मागे घेतले जात नाही.

हा इशारा चर्चच्या फार दिवस पचनी पडला नाही. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या शिक्षकाने यहूद्यांचे इब्री शास्त्रच, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा जुना करार, टाकून द्यावे, कारण त्यातला देव येशूच्या पित्याहून निराळा आहे, असे मांडले. रोमच्या मंडळीने १४४ च्या सुमारास त्याला बाहेर काढले आणि जुना करार राखला, हे महत्त्वाचेच. मात्र पुस्तक राखताना त्याच्या मूळ वाचकांना बाजूला सारण्यात आले. त्याच शतकात जस्टिन मार्टर याने ट्रायफो नावाच्या यहूद्याशी झालेला संवाद लिहिला आणि त्यात खरा आत्मिक इस्राएल आता आम्हीच आहोत, असे प्रतिपादन केले. चर्चने इस्राएलची जागा घेतली या विचाराला पुढे ‘प्रतिस्थापनवाद’ म्हणण्यात येऊ लागले. अंत्युखियात ३८६-३८७ साली जॉन क्रिसोस्टमने जी प्रवचने दिली त्यांत तर यहूद्यांविषयीचा द्वेष उघड आहे, आणि ती मुख्यतः सभास्थानांतल्या सणांना हौसेने जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांना रोखण्यासाठी होती, ही बाब बरेच काही सांगून जाते.

दोन्ही वाद ज्याच्या लेखनात सगळ्यांत ठळकपणे वेगळे होतात, तो माणूस म्हणजे उत्तर आफ्रिकेतला हिप्पोचा बिशप ऑगस्टिन. ३९६ च्या सुमारास मिलानच्या सिम्प्लिशियानसने त्याला याकोब आणि एसावाविषयी प्रश्न विचारले. त्यांना उत्तर देताना, देव माणसाचा पुढे येणारा विश्वास आधी जाणून निवड करतो, ही आपली जुनी भूमिका ऑगस्टिनने सोडली. सर्व मानवजात आदामाच्या पापाने दोषी असा एकच गोळा आहे, त्यातून देव काहींना केवळ कृपेने बाहेर काढतो, आणि विश्वाससुद्धा त्याच कृपेची देणगी आहे, असे तो मानू लागला. मानवी इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने आपण पुष्कळ झटलो, पण देवाची कृपा जिंकली, असे त्याने उतारवयात या उत्तराविषयी लिहून ठेवले. पुढे, माणूस आपल्या इच्छेने चांगले वागू शकतो असे मानणाऱ्या पेलाजियस या तपस्व्याशी झालेल्या वादात ही भूमिका आणखी कडक झाली. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसची मते नाकारली. ५२९ साली ओरांजच्या परिषदेने कृपेचे प्राधान्य मान्य केले, पण देव कोणाला दुष्टतेसाठी नेमून ठेवतो हा विचार मात्र स्पष्टपणे धिक्कारला.

एसाव हा अशा रीतीने प्रत्येक माणसाचा प्रतिनिधी झाला. आणि प्रत्यक्ष यहूद्यांचे काय? त्यांच्यासाठी ऑगस्टिनने निराळीच जागा शोधली. एका स्तोत्रातल्या ‘त्यांना मारून टाकू नको, नाहीतर माझे लोक विसरतील’ या ओळीवरून त्याने असे मांडले की यहूदी जगभर पांगलेले राहावेत, त्यांना ठार करू नये, कारण त्यांच्या हातची शास्त्रे ख्रिस्ती लोकांनी भविष्यकथने बनावट रचलेली नाहीत याची साक्ष देतात. या शिकवणीने मध्ययुगात यहूद्यांच्या जिवाला काही अंशी संरक्षण दिले, हे मान्य करावे लागते. पण जिवंत ठेवायचे ते साक्षीदार म्हणून, आणि तेही खालच्या पायरीवर. पौलाच्या झाडाचे मूळ आता जुन्या कागदपत्रांचे राखणदार झाले होते.

सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेने कृपेचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. १५२५ मध्ये मार्टिन लूथरने इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडणारा विद्वान इरॅस्मस याला उत्तर देताना, तारणाच्या बाबतीत माणसाची इच्छा बांधलेली असते, असे सांगितले. याच लूथरने १५२३ मध्ये येशू जन्माने यहूदी होता याची आठवण करून देऊन यहूद्यांशी सौम्यपणे वागण्याचा सल्ला दिला होता. ते ख्रिस्ती होत नाहीत असे दिसल्यावर १५४३ मध्ये त्यांची सभास्थाने जाळावीत, घरे पाडावीत, प्रार्थनापुस्तके काढून घ्यावीत असे त्याने लिहिले. कृपा हा ज्याच्या धर्मविचाराचा गाभा, त्याच्या लेखणीतून हे यावे याचे समाधानकारक स्पष्टीकरण मला आजवर कुठे वाचायला मिळालेले नाही.

जिनीव्हाच्या कॅल्विनने निवडीची शिकवण सर्वांत काटेकोरपणे मांडली: देवाच्या सनातन ठरावाने काहींना सार्वकालिक जीवनासाठी आणि काहींना दंडासाठी नेमलेले आहे. हॉलंडमध्ये याकोबस आर्मिनियसने याला हरकत घेतली. त्याच्या मते नवव्या अध्यायातले इसहाक-इश्माएल आणि याकोब-एसाव हे दोन प्रकारच्या लोकांचे नमुने आहेत, विश्वासाने नीतिमत्त्व शोधणारे आणि नियमशास्त्राच्या कर्मांनी शोधणारे. १६०९ मध्ये त्याच्या निधनानंतर त्याच्या अनुयायांनी १६१० साली कॅल्विनच्या शिकवणीवर हरकत घेणारे पाच कलमांचे निवेदन दिले, आणि डॉर्ट येथे १६१८-१९ मध्ये भरलेल्या धर्मसभेने ती कलमे फेटाळली. पुढे इंग्लंडात जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हाइटफील्ड हे एकमेकांचे स्नेही याच मुद्द्यावरून दुरावले.

या साऱ्या गदारोळात अकराव्या अध्यायातल्या ‘सर्व इस्राएल’चे काय झाले, हे पाहणे उद्बोधक आहे. कॅल्विनने त्याचा अर्थ यहूदी आणि परराष्ट्रीय मिळून होणारी देवाची सारी प्रजा असा घेतला. त्याचाच वारसदार थिओडोर बेझा आणि नंतरचे अनेक इंग्लिश प्युरिटन, म्हणजे कॅल्विनच्याच वळणाचे कडवे सुधारक, मात्र म्हणू लागले की पौल इथे खऱ्याखुऱ्या यहूदी लोकांविषयीच बोलतो आणि शेवटच्या काळात ते मोठ्या संख्येने ख्रिस्ताकडे वळतील. या आशेने यहूद्यांविषयी आस्था जागवली, पण ती त्यांच्या धर्मांतराकडे डोळे लावून बसलेली आस्था होती.

तिचा एक धागा आपल्या कोकणापर्यंत येतो. अलिबाग, रेवदंडा आणि आसपासच्या गावांत शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’ म्हणजे बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत राहत होते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनने आणि १८२९ मध्ये मुंबईत आलेल्या स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी त्यांच्या मुलांना शाळा उपलब्ध करून दिल्या, इब्री भाषेचे शिक्षण दिले, जुना करार मराठीत त्यांच्या हाती ठेवला. ख्रिस्ती झाले ते अगदी थोडे. उरलेल्यांनी त्या शास्त्राच्या आणि भाषेच्या आधाराने आपला यहूदी धर्म अधिक नेटका केला. मूळ आणि फांदी यांच्या नात्याचे हे प्रात्यक्षिक मिशनरींना अपेक्षित नव्हते.

एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाने वेगळीच वाट काढली. देवाच्या योजनेत इस्राएल आणि चर्च या दोन स्वतंत्र प्रजा आहेत, आणि इस्राएलला दिलेली वचने शब्दशः त्याच्याच बाबतीत पूर्ण होणार आहेत, असे त्याने मांडले. १९०९ साली निघालेल्या स्कोफिल्डच्या टीपांसह असलेल्या बायबलने ही मांडणी अमेरिकेत घरोघर नेली. यात इस्राएलची निवड कायम राहते हे खरे, पण त्यासाठी पौलाच्या एका झाडाची दोन झाडे करावी लागतात.

स्विस धर्मपंडित कार्ल बार्थ यांनी १९४२ मध्ये, म्हणजे शेजारच्या जर्मनीची सत्ता यहूद्यांचा संहार करत असताना, निवडीची शिकवणच उलटीपालटी केली. देवाने सर्वांत आधी निवडले ते येशू ख्रिस्ताला, आणि नाकारले जाण्याचा भारही त्यानेच स्वतःवर घेतला, म्हणून माणसांची ‘निवडलेले’ आणि ‘टाकलेले’ अशी दोन दप्तरे देवापाशी नाहीत, असा त्यांचा आशय होता. इस्राएल आणि चर्च ही त्यांच्या मते एकाच निवडलेल्या समाजाची दोन रूपे आहेत. कॅल्विनच्या परंपरेतल्या माणसाने हे म्हणावे यात मोठे धाडस होते. तरीही सभास्थानाच्या वाट्याला त्यांनी देवाच्या न्यायाचा आरसा होण्याचीच भूमिका दिली, आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीका होत आली आहे.

साठ लाख यहूदी मारले गेल्यावर चर्चना आपल्या शिकवणीकडे वळून पाहणे भाग पडले. फ्रेंच यहूदी इतिहासकार झ्यूल इझाक यांची पत्नी आणि मुलगी नाझींच्या हातून मारली गेली होती. त्यांनी जून १९६० मध्ये पोप तेविसावे जॉन यांना भेटून, यहूद्यांविषयी चर्च जे तुच्छतेचे शिक्षण देत आले त्याची तपासणी व्हावी, अशी विनंती केली. गुड फ्रायडेच्या उपासनेचेच उदाहरण घ्या. त्या दिवशी वेगवेगळ्या लोकांसाठी ओळीने प्रार्थना होत आणि प्रत्येक प्रार्थनेआधी उपासक गुडघे टेकत, पण यहूद्यांसाठीच्या प्रार्थनेला शेकडो वर्षे गुडघे टेकले जात नसत. १९५५ मध्ये ही प्रथा बदलली, १९५९ मध्ये त्या प्रार्थनेतले यहूद्यांना अविश्वासू म्हणणारे विशेषण पोप जॉन यांनी काढायला लावले, आणि १९७० च्या उपासनाग्रंथात यहूद्यांनी देवाच्या कराराशी निष्ठेत वाढत राहावे अशी प्रार्थना आली.

दरम्यान २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी ‘नोस्त्रा एताते’ ही घोषणा मंजूर केली. येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सर्व यहूद्यांवर किंवा आजच्या यहूद्यांवर लादता येत नाही आणि देवाने त्यांना टाकले आहे असे शिकवू नये, असे तीत म्हटले आहे, आणि त्यासाठी आधार घेतला आहे तो रोमकरांस पत्राचा, जैतुनाच्या झाडासकट. १९८० साली जर्मनीतल्या माइन्झमध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी यहूद्यांशी झालेल्या कराराचा उल्लेख देवाने कधीही रद्द न केलेला करार असा केला. बायबलच्या अभ्यासकांमध्येही याच सुमारास वारे फिरले. ऑगस्टिन आणि लूथर यांनी आपली वैयक्तिक पापाची तगमग पौलावर लादली, असे स्वीडिश अभ्यासक क्रिस्टर स्टेन्डाल यांनी १९६० च्या दशकात दाखवले. पौलाच्या काळचा यहूदी धर्म कर्मांच्या हिशेबावर तारण विकत घेणारा नव्हता, त्याचा पायाही देवाची कृपा आणि करारच होता, असे ई. पी. सँडर्स यांनी १९७७ मध्ये साधार मांडले.

यहूदी परंपरेत ‘निवडलेले’ म्हणजे ‘तारलेले’ असे समीकरण मुळातच नाही. निवड म्हणजे आज्ञा पाळण्याची जबाबदारी. इतर राष्ट्रांतल्या नीतिमान माणसांनाही येणाऱ्या युगात वाटा आहे, असे रब्बींच्या परंपरेतले प्रभावी मत सांगते. निवड आणि तारण यांची सांगड घालून ‘मग उरलेल्यांचे काय’ असे विचारणे ही बहुतांशी ख्रिस्ती चिंता आहे, आणि ती यहूद्यांच्या माथी मारण्याआधी एवढे तरी जाणून घ्यायला हवे.

आज वाद कुठे अडला आहे? काहींचे म्हणणे असे की यहूद्यांसाठी सीनाय पर्वतावर मोशेद्वारे झालेला करार आणि परराष्ट्रीयांसाठी ख्रिस्त, असे दोन समांतर मार्ग आहेत. सुवार्तावादी, म्हणजे बायबलवर आणि सुवार्ता पसरवण्यावर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट, पंडितांनी १९८९ च्या विलोबँक जाहीरनाम्यात हे मत नाकारले आणि यहूद्यांनाही सुवार्ता सांगितलीच पाहिजे असे म्हटले. व्हॅटिकनच्या डिसेंबर २०१५ च्या दस्तऐवजाने दोन मार्गांची कल्पना नाकारली, यहूद्यांसाठी खास संस्थात्मक मिशनकार्य चालवणेही नाकारले, आणि यहूदी देवाच्या तारणात सहभागी आहेत हे निःशंक मानले. उघडपणे ख्रिस्ताला न स्वीकारता हे कसे घडते, ते मात्र देवाचे अथांग रहस्य आहे असे सांगितले. हे हात झटकणे आहे असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. मला तसे वाटत नाही, कारण पौलही अकराव्या अध्यायाच्या अखेरीस देवाचे न्याय अनाकलनीय आहेत असे म्हणूनच थांबतो. दोन मार्गांचा सिद्धांत मात्र त्याच्या नवव्या अध्यायातल्या शोकाशी जुळत नाही. दुसरा रस्ता सुरक्षित आहे असे वाटणारा माणूस आपल्या बांधवांसाठी शाप मागत नाही.

एक प्रश्न या सगळ्याहून अधिक धगधगता आहे, तो भूमीचा. निवड मागे घेतलेली नाही म्हणजे पॅलेस्टाइनच्या जमिनीचे वचनही जसेच्या तसे लागू आहे, असे अमेरिकेतले बरेच सुवार्तावादी मानतात. पॅलेस्टिनी ख्रिस्ती पुढाऱ्यांनी डिसेंबर २००९ च्या ‘कैरोस पॅलेस्टाइन’ या निवेदनात, बायबलचा असा वापर करून आपल्यावरच्या कब्ज्याला धार्मिक समर्थन देणे चूक आहे, असे बजावले. नवव्या अध्यायाच्या सुरुवातीला पौल इस्राएलच्या ठेव्याची यादी देतो: दत्तकपणा, गौरव, करार, नियमशास्त्र, उपासना, वचने आणि पूर्वज. त्या यादीत भूमीचे नाव नाही. ‘वचने’ या शब्दातच ती आली असे एक बाजू म्हणते. दुसरी बाजू त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायाकडे बोट दाखवते, जिथे अब्राहामाला मिळालेले वचन एका देशाचे नव्हे तर जगाचा वारस होण्याचे आहे.